सीरमची उपणणी

तुरीचं खळं झालं की आमच्या मराठवाड्यात रास उपणतात. सुपातून धार सोडली की वाऱ्यानं भुसा लांब जातो, दाणा पायाशी पडतो. रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, वेगळ्या काढायची इलेक्ट्रोफोरेसिस ही रीत मला याच कामाची सख्खी वाटते. फक्त तिथं वाऱ्याऐवजी वीज असते.

रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, ते सीरम. त्याच्या 100 मिलिलिटरमध्ये साधारण 6 ते 8 ग्रॅम प्रथिनं असतात. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेल्या ॲगरोजच्या जेलवर सीरमचा इवलासा थेंब ठेवतात. भोवतीच्या द्रावणाचा पीएच 8.6 च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी, असल्यानं बहुतेक प्रथिनांवर ऋणभार येतो आणि वीज सोडली की ती धन टोकाकडे निघतात. अल्ब्युमिन हे प्रथिन सर्वांत पुढे, मग अल्फा, बीटा आणि शेवटी गॅमा हे प्रथिनांचे गट. गॅमातल्या प्रथिनांवर भार इतका कमी, की जेलमधल्या पाण्याची उलटी ओढ त्यांना मागंच नेते.

अँटिबॉडी मुख्यतः या गॅमात असतात, हे टिसेलियस आणि कबाट या शास्त्रज्ञांनी 1939 मध्ये दाखवलं. सशाच्या सीरममधल्या अँटिबॉडी त्यांनी साका करून काढून टाकल्या, तर आलेखातला गॅमाचाच उंचवटा खाली बसला. तेव्हा जेल नव्हतं. हे सारं द्रवातच चाललं होतं.

रंग दिल्यावर अल्ब्युमिनची पट्टी ठसठशीत दिसते, गॅमाचा मात्र धूसर पट्टा. मला सर्वांत सुंदर वाटतो तो हाच. लहानपणचा गोवर, पावसाळ्यातले ताप, घेतलेल्या लशी, प्रत्येकाच्या अँटिबॉडी निराळ्या. त्यांच्या भारात थोडाथोडा फरक, म्हणून त्या एका रेषेत थांबत नाहीत, पसरतात. हे पसरणं निरोगीपणाचं आहे. नेमकी कशाची अँटिबॉडी, डेंग्यूची की टायफॉइडची, ते मात्र या पट्ट्यावरून कळत नाही.

त्या धूसर भागात एकच रेखीव रेघ उठली, तर डॉक्टर सावध होतात. एकाच पेशीच्या वंशानं एकच अँटिबॉडी भरमसाट बनवल्याची ती खूण असते. अस्थिमज्जेच्या मायलोमा या कर्करोगात अशी रेघ दिसते. म्हणूनच उतारवयात हाडं सतत दुखत असतील आणि रक्तही कमी असेल, तर ही तपासणी सांगतात. उतारवयात काहींना कर्करोग नसतानाही अशी रेघ आढळते, तेव्हा अहवाल हातात पडताच धीर सोडू नये. ती रेघ कोणत्या जातीच्या अँटिबॉडीची आहे, हे इम्युनोफिक्सेशन या पुढच्या तपासणीत कळतं.