पार्श्वभूमी: भार कोण पेलतो, अस्तर की खडक?

जुन्या बोगद्यांत लाकडी टेकूंवर खणत जायचे आणि मागाहून आतून दगडी कमान, म्हणजे अस्तर, बांधायची. कमान आणि कातळ यांच्यात फट उरायचीच. गोटे ठासून भरले तरी ती दाबाखाली बसायची. तेवढ्या जागेत वरचा खडक सुटा व्हायचा आणि त्याचे सगळे ओझे कमानीवर यायचे.

शॉटक्रीटने, म्हणजे दाबाने फवारलेल्या काँक्रीटने, ही फट मिटवली. ५ ते १० सेंमीचा पहिला थर खडकाला थेट चिकटतो, रॉक बोल्ट, म्हणजे खडकात रोवलेल्या पोलादी सळया, चिरा आवळतात. बोगद्याच्या भिंती काही मिलिमीटर आत सरकतात आणि ताण भोवतालच्या खडकात वळतो. अस्तर फार लवकर ताठ झाले, तर ते जास्त भार ओढून घेते. फार उशीर झाला, तर खडक सुटा होतो.

१९६२ मध्ये साल्झबर्गच्या व्याख्यानात बोगदा खणण्याच्या या रीतीला ‘नवी ऑस्ट्रियन पद्धत’ म्हटले गेले आणि घोळ सुरू झाला. शॉटक्रीट मारला की पद्धत पाळली, असे कित्येकांनी धरले. १९८० च्या ऑस्ट्रियन व्याख्येत मात्र शॉटक्रीट मुख्य नव्हता; भोवतालच्या खडकाचेच भार पेलणारे वलय करायचे, हा गाभा होता. यावर टीकाकारांचा सवाल असा की हे तर प्रत्येक बोगद्यात घडते, मग ही पद्धत कशी? अस्तर बसवायला थांबत गेले की त्यावरचा भार घटतो आणि एका बिंदूनंतर पुन्हा वाढतो असे ही पद्धत मानते, पण त्या तळबिंदूला सिद्धांताचा आधार नाही, असाही त्यांचा आक्षेप. १९९४ मध्ये हीथ्रो विमानतळाचे, याच पद्धतीने खणले जाणारे बोगदे लंडनच्या चिकणमातीत कोसळले. तळकमानीचे, म्हणजे बोगद्याच्या तळाशी अस्तराचे कडे पूर्ण करणाऱ्या भागाचे, काम निकृष्ट होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये ‘फवारलेल्या काँक्रीटचे अस्तर’ हे साधे नाव जास्त चालू लागले, आणि ते बरेच झाले. वादात टीकाकार सरस ठरतात, पण भिंती किती मिलिमीटर सरकल्या याची नियमित मोजणी रुजली ती ‘नवी ऑस्ट्रियन पद्धत’ या नावामुळेच.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये अखंड थर पुष्कळदा अस्तराशिवायही उभा राहतो. दोन लाव्हाथरांमधला तांबडा थर मात्र हवा-पाणी लागताच भुसभुशीत होतो. तो लगेच झाकावा लागतो. कोकण रेल्वेवर गोव्यातल्या पेडणे बोगद्याला मऊ माती आणि भूजल भोवले. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या भिंतीचा सुमारे ५ मीटर भाग ढासळला. जुलै २०२४ मध्ये पाणी शिरून गाड्या थांबल्या. अशा जमिनीत अस्तरामागचे पाणी काढून दिले नाही, तर पाण्याचा दाब खडकाच्या दाबात मिळतो. निचऱ्याची भोके गाळाने तुंबली की तेच होते, आणि नुसती गळती बुजवून दाब उतरत नाही.