पहिल्या पानाची हमी कुठून आली : छोट्या व्यवसायांच्या एसईओची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये छोट्या व्यावसायिकांना वेबसाइटसाठी जी कोटेशने मिळतात, त्यांत एसईओच्या (म्हणजे शोधयंत्राच्या निकालांत वेबसाइट वर आणण्याच्या कामाच्या) मथळ्याखाली बहुधा त्याच त्या बाबी असतात : मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लिहिलेले, वाचकाला न दिसणारे शोधशब्द) भरून देणे, दरमहा ठरावीक बॅकलिंक (दुसऱ्या संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे), आसपासच्या प्रत्येक गावाच्या नावाने स्वतंत्र पान आणि शेवटी गूगलच्या पहिल्या पानावर आणण्याची हमी. अंबडमधला जॉबवर्क करणारा कारखानदार असो की भद्रकालीतला भांड्यांचा व्यापारी, यांतली कोणती बाब आजही उपयोगाची आहे आणि कोणती कधीच निकालात निघाली आहे, हे त्या कागदावरून त्याला कळत नाही. त्यासाठी मागे जावे लागते, कारण आज ‘बेसिक’ म्हणून सांगितले जाणारे बरेचसे नियम पूर्वीच्या एखाद्या चलाखीला दिलेले उत्तर आहेत.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेटची सार्वजनिक सेवा सुरू केली, तेव्हा वेबवरचा शोध म्हणजे मुख्यतः सूची चाळणे होते. स्टॅनफर्डमधल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या याहूच्या सूचीत माणसे संकेतस्थळे पाहून त्यांची वर्गवारी करीत आणि वर्गातील नावे वर्णानुक्रमे लागत. साहजिकच नावाची सुरुवात ‘ए’ने करण्याचा मोह अनेकांना झाला. टेलिफोन डिरेक्टरीत ही युक्ती आधीपासूनच चालत होती.

त्यानंतर पानांवरील मजकूर स्वतः वाचणारी यंत्रे आली; डिसेंबर १९९५ मधले अल्टाव्हिस्टा त्यांतले सर्वांत गाजलेले. पान कशाबद्दल आहे हे मालकाने पानाच्या कोडमध्ये लिहून ठेवावे, यासाठी कीवर्डचा मेटा टॅग प्रचारात आला. वाचकाला तो दिसत नसल्यामुळे त्यात काहीही भरता येई आणि लोकांनी तसे भरलेही. दुसरी युक्ती म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत ‘नाशिक, पंचवटी, सातपूर, सिडको, इंदिरानगर’ अशी नावांची रांग पानाच्या तळाशी लावून देणे. कीवर्डचा मेटा टॅग आपण निकालांचा क्रम ठरवताना विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीरपणे सांगितले. तरीही त्याचे पैसे आजही आकारले जातात, याला अज्ञान म्हणावे की सोय, हे ज्याने त्याने ठरवावे.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पानाचे वजन त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरवण्याची पद्धत मांडली आणि १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली. दुसऱ्याने दिलेला दुवा ही एक प्रकारची शिफारस, हे त्यामागचे सूत्र होते. शिफारशीला किंमत आल्याबरोबर तिचा बाजार भरला : एकमेकांना दुवे देणाऱ्या संकेतस्थळांची जाळी, कुणीही न वाचणाऱ्या डिरेक्टऱ्या, विकत मिळणारे बॅकलिंक. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गूगलने काही काळ निकालांतून काढून टाकले. शोधयंत्रासाठी वेगळी पाने रचून वाचकाला भलत्याच पानावर नेणे हा त्याचा दोष होता. फेब्रुवारी २०११ मध्ये निकृष्ट मजकुराला मागे ढकलणारा पांडा आणि एप्रिल २०१२ मध्ये बनावट दुव्यांना लक्ष्य करणारा पेंग्विन, हे गूगलने क्रम ठरवण्याच्या पद्धतीत केलेले बदल त्याच वाटेवरचे. म्हणूनच सिन्नर, निफाड, दिंडोरी, इगतपुरी अशा प्रत्येक तालुक्याचे पान करून त्यात फक्त गावाचे नाव बदलायचे आणि बाकीचा मजकूर जसाच्या तसा ठेवायचा, ही कोटेशनमधली बाब फायद्यापेक्षा धोक्याची अधिक आहे.

मराठी मजकुराची अडचण मात्र वेगळी होती आणि तिची चर्चा फारच कमी होते. युनिकोडचा (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या सामायिक पद्धतीचा) वापर रुळण्यापूर्वी आपल्याकडचे मराठी डीटीपी स्वतःच्या सांकेतिक पद्धती असलेल्या फाँटवर चालत असे. त्या फाँटमध्ये पडद्यावर ‘येवल्याची पैठणी’ असे दिसले, तरी फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असत. फाँट फक्त त्यांना देवनागरी आकार देई. शोधयंत्राला आकार दिसत नाहीत, साठवलेली चिन्हे दिसतात. त्यामुळे असे पान वेबवर असूनही ‘पैठणी’ शोधणाऱ्याला ते सापडण्याची शक्यता नव्हती. यावर निघालेला तोडगा मूळ दुखण्यापेक्षा वाईट होता : मजकूर कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडायचा आणि त्याचे चित्र करून पानावर चिकटवायचे. पत्रके अजूनही याच पद्धतीने छापखान्याकडून थेट वेबसाइटवर येतात. दरपत्रक, पत्ता, दुकानाची वेळ असे सगळे चित्रात असते आणि पानावर वाचण्याजोगा मजकूर चार ओळींचाही नसतो. शीर्षक, वर्णन आणि पत्ता युनिकोड मराठीत टाइप करणे हे काम कंटाळवाणे असले, तरी नाशिकच्या अनेक दुकानांसाठी एसईओची खरी सुरुवात तिथूनच होते.

स्थानिक शोधाचे महत्त्व वाढले ते नकाशे आणि मोबाइल एकत्र आल्यावर. गूगल मॅप्स २००५ मध्ये आले. व्यवसायांच्या नोंदीची सेवा पुढे नावे बदलत २०१४ मध्ये ‘माय बिझनेस’ आणि २०२१ मध्ये ‘बिझनेस प्रोफाइल’ झाली. एप्रिल २०१५ मध्ये मोबाइलवर नीट वाचता येणाऱ्या पानांना मोबाइल शोधात प्राधान्य मिळाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि ज्यांच्याकडे कधी संगणक नव्हता असे ग्राहकही फोनवर दुकान शोधू लागले. स्थानिक निकालांसाठी गूगल तीन गोष्टी सांगते : शोधाशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची ख्याती. यांतले अंतर कोणत्याही पॅकेजने बदलत नाही. नाशिकरोडला उभ्या असलेल्या माणसाला पंचवटीतले दुकान आधी दाखवण्याची खात्री कुणीही देऊ शकत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणालाच देता येत नाही, हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शिकेतही लिहिले आहे. जुनी चलाखी इथेही नव्या वेशात आली, म्हणजे दुकानाच्या नावापुढे ‘नाशिकमधील सर्वोत्तम’ जोडणे. नोंदीतले नाव पाटीवरचेच असावे असा नियम आहे आणि तो मोडल्यास नोंद स्थगित होऊ शकते.

याच प्रोफाइलच्या जोडीला गूगलने २०१७ मध्ये फुकट, एका पानाची वेबसाइट बनवण्याची सोय दिली. डोमेन (वेबसाइटचा स्वतःचा पत्ता) नाही, होस्टिंग (ती ठेवण्याची भाड्याची जागा) नाही, म्हणून लहान दुकानदारांना ती सोयीची वाटली. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती बंद केली. त्या पत्त्यावर येणाऱ्यांना १० जूनपर्यंत दुकानाच्या प्रोफाइलकडे वळवले जात होते, त्यानंतर तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि पिशव्यांवर छापून घेतला होता, त्यांना नव्याने डोमेन घेणे भाग होते, आणि जुन्या पत्त्याकडे आलेले दुवे नव्या डोमेनकडे वळवून घेण्याची सोय त्यांच्या हातात नव्हती.