नजर आणि सुकाणू एकाच जागी : ट्यूना टॉवरची पार्श्वभूमी

हौशी मासेमारीच्या बोटीवर ट्यूना टॉवर, म्हणजे वर चढून मासा बघत तिथूनच बोट हाकायचा उंच सांगाडा, चढवावा की नाही, याची चर्चा बहुधा खर्चापासून सुरू होते आणि बोट कशी दिसेल इथे येऊन थांबते. मला वाटतं, त्याआधी हा सांगाडा कोणत्या पाण्यासाठी आणि कोणत्या माशासाठी उभा राहिला ते बघायला हवं.

उंचावरून मासा हेरण्याची रीत फार जुनी. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने इटलीच्या किनाऱ्यावरच्या, खास ट्यूनावर नजर ठेवण्यासाठीच्या टेहळणीच्या जागा नोंदवल्या आहेत. मेसिनाच्या सामुद्रधुनीतली स्वोर्डफिशची (तलवारीसारख्या लांब तोंडाच्या माशाची) शिकारही त्याने इतिहासकार पॉलिबियसच्या आधाराने सांगितली आहे. दोन-दोन माणसांच्या अनेक होड्या दबा धरून बसत, एक जण वल्हवी, दुसरा भाला घेऊन पुढे उभा राही आणि साऱ्यांसाठी मिळून एकच टेहळ्या मासा दिसताच खबर देई. पुढे देवमाशांच्या शिकारी जहाजांवर हाच टेहळ्या डोलकाठीवर चढला. या साऱ्या व्यवस्थेत डोळे वर होते, बोट वळवणारे हात मात्र खाली. वरच्याने ओरडायचं, खालच्याने समजून घ्यायचं, मग बोट वळायची. तोवर मासा पुढे गेलेला असायचा.

गळाने ट्यूना पकडण्याचा छंद कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर रुजला. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी 1898 मध्ये 183 पौंडांचा ब्लूफिन जातीचा ट्यूना पकडला आणि त्याच वर्षी तिथे ट्यूना क्लब स्थापन झाला. टॉवरची गरज मात्र भासली ती बहामामध्ये.

मे-जूनच्या सुमारास मोठे ब्लूफिन बिमिनी आणि कॅट के या बेटांजवळून उत्तरेकडे जात. वाटेत ते ग्रेट बहामा बँक या समुद्रातल्या उथळ पठाराच्या कडेच्या पांढऱ्या वाळूच्या पाण्यावर येत. दक्षिणेचा वारा सुटला की लाटांबरोबर पृष्ठभागाजवळून पोहत, आणि खालच्या पांढऱ्या वाळूवर त्यांच्या काळ्या आकृत्या उठून दिसत. थवा दिसला की बोट त्याच्या पुढे काढायची आणि आमिष नेमकं त्याच्या वाटेवर आणायचं. शेजारीच गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचं खोल पाणी. गळाला लागलेला मासा कडेवरून तिकडे उतरला की त्याला वर आणणं महाकठीण, आणि दमलेल्या माशावर शार्क तुटून पडत. म्हणजे बघणं, वळणं आणि वेग वाढवणं हे सगळं काही क्षणांत व्हायला हवं, आणि ते एकाच माणसाने केलं तरच जमतं.

हे एका फटक्यात सुचलेलं नाही. अमेरिकन लेखक हेमिंग्वेने 1934 मध्ये घेतलेल्या ‘पिलार’ या बोटीवर नंतर फ्लायब्रिज बसवला, म्हणजे छतावरून बोट हाकायची सोय केली. फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीचच्या, बोटी बांधणाऱ्या रायबोविच कुटुंबाने 1947 मध्ये ‘मिस शेवी दोन’ ही बोट बांधली. आधुनिक स्पोर्टफिशिंग बोटीचा आराखडा तिच्यापासून धरतात. ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या ट्यूना टॉवरचं श्रेयही बहुतेक याच कारखान्याला दिलं जातं, 1950च्या दशकाच्या सुरुवातीचं. माझ्या मते यातली खरी कर्तबगारी उंचीत नाही. सुकाणू आणि इंजिनाचा वेग सांभाळणारे दांडे वर, डोळ्यांच्या शेजारी नेले, हे मोठं काम.

उंचीने क्षितिज लांबतं हे खरं, पण खरा फायदा पाण्याच्या आत बघण्यात आहे. समजा मासा 30 मीटरवर आहे. डोळा पाण्यापासून अडीच मीटरवर असेल, तर नजर इतकी तिरपी जाते की शांत पाण्यावरही अर्ध्याहून जास्त प्रकाश परावर्तित होतो आणि आकाशाची चकाकीच दिसते. डोळा 9 मीटरवर नेला की परावर्तन पाचव्या हिश्श्याच्या आत येतं. पोलराइज्ड चष्मा उरलेली चकाकीही बरीच कमी करतो.

बहामातली ती ब्लूफिनची वर्दळ पुढे ओसरली. अटलांटिकमधल्या ट्यूनासाठी 1966 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, तरी पश्चिमेकडच्या ब्लूफिनची घसरण थांबली नाही, आणि 1980च्या दशकात तिथल्या पकडीवर कडक मर्यादा आल्या. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या माशाने ही कला घडवली, त्याच्यावरच ही पाळी यावी! टॉवर मात्र टिकला. पृष्ठभागावर तरंगणारा कोबिया मासा शोधायला तो लागतो, आणि ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवर पाण्याखालचे खडक वेळीच दिसावेत म्हणूनही.

तेव्हा आधी स्वतःच्या मासेमारीकडे बघावं. मासा डोळ्यांनी शोधून मग आमिष टाकत असाल, तर टॉवरला पर्याय नाही. तळाशी गळ सोडून बसत असाल किंवा सोनारच्या भरवशावर खोल पाण्यात ट्रोलिंग करत, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत असाल, तर माझा कौल स्पष्ट ‘नको’ असा आहे. कारण वजन वर गेलं की बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि स्थिरता घटते. डोलण्याच्या अक्षापासून दुप्पट उंचीवर ठेवलेलं तेच वजन डोलण्याच्या जडत्वात चौपट भर घालतं, त्यामुळे बोट सावकाश पण खोल डोलते. वारा जास्त धरला जातो, पुलाखालून जाताना उंची आड येते. आणि वर चढलेली दोन माणसं म्हणजे आणखी दीडशे किलो, तेही सर्वांत वाईट जागी. म्हणून स्थिरतेचा हिशेब नौका-अभियंत्याकडून वरची माणसं धरूनच करून घ्यावा. टॉवरचे पाय जिथे डेकला बोल्टने जोडायचे, तिथे फायबरग्लासखाली भक्कम आधारपट्ट्या आहेत का, हेही त्याच भेटीत तपासून घ्यावं.