पडद्याशी बोलणारा प्रेक्षक

जुने कुंग-फू चित्रपट एकत्र बसून बघायचे आणि दिवे लागल्यावर त्यांवर बोलत राहायचं, अशा बैठकी आता बऱ्याच शहरांत भरतात. पण या चित्रपटांवरचं बोलणं मुळात दिवे लागायची वाट पाहतच नसे. ते अंधारातच, खेळ चालू असताना व्हायचं.

१९२८ मध्ये शांघायच्या मिंगशिंग कंपनीने लाल कमळ मंदिराच्या दहनाची कथा मूकपटातून आणली. ती इतकी चालली की १९३१ पर्यंत तिचे १८ भाग निघाले. लेखक माओ दुन यांनी १९३३ मध्ये या खेळांतला जल्लोष लिहून ठेवला आहे. उडते तलवारबाज पडद्यावर आले की टाळ्या आणि आरोळ्यांनी सभागृह दणाणून जाई. माओ दुन यांना हे वेड मुळीच पटत नव्हतं, तरीही त्या प्रेक्षकाला त्यांनीच आपल्यासाठी जिवंत ठेवलं. असे चित्रपट अंधश्रद्धा पसरवतात म्हणून सरकारने त्यांवर बंदी घातली आणि पुढे हा प्रकार हाँगकाँगमध्ये रुजला.

तिथल्या मध्यरात्रीच्या खेळाचं महत्त्व मला सगळ्यात जास्त वाटतं. चित्रपट रीतसर लागण्याआधी तो मध्यरात्री दाखवायचे आणि दिग्दर्शक, नट प्रेक्षकांतच येऊन बसायचे. प्रसंग फसला तर तोंडावर शिव्या, जमला तर टाळ्या. त्यावरून पुन्हा काटछाट व्हायची. आपल्या नाटकाची रंगीत तालीम निमंत्रितांपुढे होते. ही तिकीट काढून आलेल्या गर्दीपुढे व्हायची. ऑक्टोबर १९७१ च्या अखेरीस ‘द बिग बॉस’च्या अशाच खेळाला ब्रूस ली पत्नी लिंडासह बसला होता. या चित्रपटाचा नायक आईला दिलेल्या शब्दाखातर कितीतरी वेळ हात उचलत नाही. गळ्यातलं पदक तुटतं तेव्हा कुठे तो उसळतो. तोवर प्रेक्षकांनी रोखून धरलेला श्वास त्या एका क्षणी मोकळा होतो, आणि ते घरी एकट्याने बघताना जाणवत नाही. चित्रपटाने ३० लाख हाँगकाँग डॉलरहून जास्त कमावले. तोवरचा तिथला उच्चांक मोडला.

अभ्यासू चर्चा नंतर आली. १९७७ मध्ये सुरू झालेल्या हाँगकाँग आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने १९८० मध्ये कुंग-फूपटांचा आणि १९८१ मध्ये तलवारपटांचा पुनरावलोकन विभाग ठेवला. जोडीला अभ्यासलेखांची पुस्तकंही काढली. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीचे चित्रपट मात्र वर्षानुवर्षं तिजोरीत बंद होते. चाहते झिजलेल्या, चित्राच्या कडा कापलेल्या व्हिडिओ कॅसेटवर भागवायचे. २००० मध्ये सेलेस्टियल पिक्चर्सने सुमारे ७६० चित्रपटांचे हक्क घेतले आणि ते दुरुस्त करून बाहेर काढले. तेव्हा कुठे शॉस्कोपची, म्हणजे शॉंच्या रुंद पडद्याच्या चित्रणाची, पूर्ण रुंदी नव्या पिढीला दिसली.

न्यू यॉर्कच्या ४२व्या रस्त्यावरच्या स्वस्त थिएटरांत हे चित्रपट बघत वाढलेल्या रॅपर आरझेडएने पुढे ‘द ३६थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) पडद्यावर चालू असताना त्याला प्रेक्षकांसमोरच संगीत दिलं.