पडद्यावरची ममी सोड्याच्या कसोटीवर

१९३२चा ‘द ममी’ बघताना सुरुवातीचा शवपेटीचा प्रसंग नीट ऐका. पेटी उघडताच अभ्यासकांच्या लक्षात येतं की पोटावर नेहमीची चीर नाही, आतले अवयव काढलेलेच नाहीत. म्हणजे पेटीतल्या इम्होटेप या प्राचीन पुजाऱ्याला जिवंतच गुंडाळलं! भयपटात इतका नेमका मुद्दा सहसा सापडत नाही. पटकथाकार जॉन बाल्डरस्टन यांनी पत्रकार म्हणून इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्याच्या बातम्या दिल्या होत्या, ते इथे कामी आलं असावं.

पण याच पुराव्याने इम्होटेप अडचणीत येतो. शव आतून कुजू लागतं, आतड्यातल्या जिवाणूंमुळे. म्हणून इजिप्तचे कारागीर डाव्या कुशीत चीर देऊन यकृत, फुफ्फुसं, जठर, आतडी काढत. मेंदू नाकाच्या वरचं पातळ हाड फोडून बाहेर घेत. हृदय मात्र जागेवरच ठेवत. मग शव नेट्रॉनमध्ये गाडत. नेट्रॉन म्हणजे ढोबळमानाने धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ यांचं नैसर्गिक मिश्रण. ते पाणी ओढून घेतं, आणि अल्कधर्मी असल्यामुळे चरबीचा साबण करतं. नेट्रॉन कोरडं वापरत की पाण्यात विरघळवून, हा वाद बरीच वर्षं चालला. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकास यांनी कबुतरांवर प्रयोग करून कोरड्याच्या बाजूने निष्कर्ष छापला, तोही नेमका १९३२मध्येच. पुढे १९९४मध्ये बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड या संशोधकांनी अमेरिकेत देहदानातून मिळालेलं शव अडीचशे किलोहून अधिक नेट्रॉनमध्ये ३५ दिवस ठेवलं. वजन निम्म्याहूनही कमी भरलं.

घरी करून बघायचं तर सफरचंदाची फोड वजन करून घ्या आणि दोन्ही सोडे व मीठ समप्रमाणात मिसळून त्यात पूर्ण बुडवा. आठवड्याने पुन्हा वजन करा. धुण्याच्या सोड्याने हात चरचरतात, तेव्हा चमचा वापरा, आणि ती फोड खाऊ नका. भांड्यावर झाकण ठेवू नका. पावसाळ्यात तर मिश्रण हवेतलंच पाणी पिऊन चिकट होतं आणि फोड सुकायची थांबते. तसं झालं की मिश्रण बदलायचं.

आता इम्होटेप: अवयव आत, सोडा नाही, वर बंद पेटी. उघड्या वाळूत पुरला असता तर वाळूने पाणी शोषलं असतं. वाळवंटातली सर्वांत जुनी शवं अशीच आपोआप सुकली आहेत. पेटीत शरीराचं पाणी शरीरापाशीच राहतं. तिथे हाडंच उरायची. चेहरा मात्र पटतो. रंगभूषाकार जॅक पियर्स यांनी इम्होटेप साकारणाऱ्या बोरिस कार्लॉफच्या चेहऱ्यावर कापूस आणि कलोडियन या चिकट, झटकन वाळणाऱ्या द्रावणाचे थर चढवले, पूर्ण रूप चढवायला आठेक तास लागले. कलोडियनमधला द्रव उडून जाताना थर आकसतो, त्वचेला ओढतो. सुरकुत्या पडतात त्या खऱ्याच वाळण्याने.

१९४०च्या ‘द ममीज हँड’मधल्या खारिस या ममीबद्दल थोडक्यात: टाना नावाच्या वनस्पतीच्या तीन पानांच्या काढ्यावर हृदय चालतं, नऊ पानांवर तो चालतो. अशी वनस्पती नाही. हृदय शाबूत असणं तेवढं शास्त्राला धरून आहे.

१९५९च्या ‘द ममी’मधला खारिस (ख्रिस्तोफर ली) मात्र दलदलीतून उठतो, आणि माझ्या मते तिन्हींत भारी दृश्य हेच. शास्त्राच्या दृष्टीने तितकंच वाईट. सोड्याने सुकवलेल्या ऊतींचा शत्रू म्हणजे ओल. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलीतही शवं टिकतात, डेन्मार्कचा टोलुंड मॅन सुमारे २,४०० वर्षं टिकला; पण तिथलं रसायन निराळं. आम्ल पाणी कातडं कमावतं आणि हाडांतली खनिजं विरघळवतं. जवसाच्या धाग्याचं कापडही अशा पाण्यात टिकत नाही, म्हणजे खारिस तिथे मुरला असता तर आधी पट्ट्याच गेल्या असत्या.

आणि तिन्ही चित्रपटांत पट्ट्या सुट्या लोंबतात. खऱ्या ममीच्या पट्ट्यांवर राळ ओतलेली असते, कापड आणि शरीर एकजीव होऊन दगडासारखं कडक होतं. १९२५मध्ये तुतनखामेनची ममी शवपेटीला अशी चिकटली होती, की थडगं शोधणारे हॉवर्ड कार्टर यांच्या चमूला ती तापवलेल्या सुऱ्यांनी, तुकड्यातुकड्यांत सोडवावी लागली.