डॅन्यूब उलटी चढणारी ‘रूथोफ’: रेगेन्सबर्गच्या तरंगत्या संग्रहालयामागचा इतिहास

जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग शहरात डॅन्यूब नदीच्या काठाला ‘रूथोफ’ नावाची, दोन्ही बाजूंच्या मोठ्या फळीदार चाकांनी पाणी कापणारी आगबोट बांधून ठेवली आहे. १९८३ पासून ती नदीवाहतुकीचं संग्रहालय आहे. या बोटीने स्वतःच्या पोटात कधी माल भरला नाही, की उतारूही नेले नाहीत. मागे मालाचे पडाव, म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेल्या मालनावा, बांधायचे आणि ते प्रवाहाविरुद्ध ओढत न्यायचे, एवढंच तिचं काम. हे काम किती मोलाचं होतं हे समजायला वाफेच्या आधीची डॅन्यूब पाहावी लागते.

खाली जायला प्रवाह फुकट मिळायचा. डॅन्यूबच्या वरच्या अंगाला असलेल्या उल्म शहरातले कारागीर सपाट तळाच्या लाकडी नावा बांधत. त्या माल आणि माणसं घेऊन व्हिएन्नाला किंवा त्याच्याही पुढे जात आणि तिथे मोडून लाकूड म्हणून विकल्या जात. अठराव्या शतकात हंगेरीत वसायला निघालेली हजारो जर्मन कुटुंबं अशाच नावांतून गेली. नाव परत आणण्यापेक्षा मोडणं परवडायचं, यावरूनच वर येण्याचा खर्च किती असेल ते कळतं.

कारण वर यायचं तर घोडे लागत. मोठ्या नावांच्या तांड्याला तीस-चाळीस घोडे जुंपलेले असत, प्रत्येक जोडीवर स्वार, आणि काठावरून जाडजूड दोरखंड ताणलेला. पुढे कडा आडवा आला की वाट पलीकडच्या काठाला जायची. मग सगळे घोडे नावेत चढवून पलीकडे उतरवायचे आणि पुन्हा जुंपायचे. पाय घसरला तर घोडा आणि स्वार दोघेही पाण्यात. व्हिएन्नाहून रेगेन्सबर्गला पोचायला आठवडेच्या आठवडे जात. नदीच्या इतिहासात या स्वारांची नावं जवळजवळ कुठेच सापडत नाहीत, आणि ही गोष्ट मला फार लागते.

१८२९ मध्ये व्हिएन्नात डॅन्यूब आगबोट कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिची ‘फ्रान्झ पहिला’ ही बोट बुडापेस्टपर्यंत धावली. १८३७ मध्ये रेगेन्सबर्गहूनही आगबोट सुटू लागली. खालच्या अंगाला ‘लोखंडी दरवाजा’ या घळीतले खडक फोडून काढलेला जलमार्ग १८९६ मध्ये खुला झाला, तेव्हा काळ्या समुद्राकडची वाट बरीच सुकर झाली. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘बायरिशर लॉइड’ या कंपनीचं गणित याच वाटेवर बेतलेलं होतं: रुमानियाचं खनिज तेल आणि धान्य बव्हेरियात, म्हणजे रेगेन्सबर्गच्या प्रांतात, आणायचं. त्यासाठी ओढणाऱ्या दमदार बोटी हव्या होत्या. ‘रूथोफ’ १९२२-२३ मध्ये रेगेन्सबर्गच्याच गोदीत बांधली गेली. गोदीचंच नाव तिला मिळालं.

पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याच्या जहाजांचं युग आलेलं असताना चाकं कशासाठी? वरच्या डॅन्यूबला पाणी उथळ. पंख्याला खोली लागते, चाकाची फळी मात्र वरवरच्या पाण्यातही पकड घेते. अशा बोटींचं धुराडंही खास असे. बुंध्याशी बिजागरी, तिथे वजनाचा तोल, आणि पूल जवळ आला की खलाशी ते अख्खं धुराडं मागे आडवं करत. पूल सरला की पुन्हा उभं. खाली भट्टीत फावड्याने कोळसा घालणाऱ्यांचा हात मात्र थांबत नसे. मागच्या प्रत्येक पडावावर स्वतंत्र सुकाणूवाला असायचा, अनेकदा बायकोमुलांसह तिथेच राहणारा. एका ओढीत असा अख्खा पाडाच पाण्यावरून सरकत असे.

१९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी रुमानियाच्या तेलाची वाहतूक तोडण्यासाठी डॅन्यूबमध्ये हजाराहून जास्त सुरुंग टाकले. त्याच वर्षी हंगेरीतल्या एर्शेकचनाद गावाजवळ ‘रूथोफ’ सुरुंगावर आदळून बुडाली. काही वर्षं ती नदीच्या तळाशीच होती. १९५० च्या दशकात हंगेरियन लोकांनी ती वर काढली, दुरुस्त केली आणि त्या गावाचंच नाव देऊन पुन्हा कामाला लावली. आज संग्रहालयात तिची दोन्ही नावं सांगितली जातात, आणि ते योग्यच आहे. शत्रूने बुडवलेली बोट वर काढणाऱ्यांचाही तिच्यावर हक्क आहे.

मग डिझेल आलं. स्वतःच्या इंजिनाने चालणारी मालजहाजं आली, आणि पडाव मागून ढकलण्याची पद्धतही. ऱ्हाइनवर ती १९५७ पासून रुळू लागली. थोडकी माणसं, कोळसा नाही, मागे दोरखंड नाही. वाफेच्या बोटी एकेक करत भंगारात निघाल्या. रेगेन्सबर्गच्या हौशी मंडळींनी १९७९ मध्ये ‘रूथोफ’ हंगेरीहून परत आणली नसती, तर तिचंही तेच झालं असतं. कागदपत्रं आणि छायाचित्रं काचेच्या कपाटात जपता येतात. पण बॉयलर, इंजिन आणि चाकं एकमेकांना कशी जोडलेली होती, खलाशी किती अरुंद जागेत झोपत, हे बोटीत उतरल्यावरच कळतं. शेजारीच ‘फ्रॉयडेनाउ’ ही डिझेलवर चालणारी ओढबोट आहे. दोन्ही लागोपाठ पाहाव्यात, मधला बदल अंगावर येतो.

१९९२ मध्ये माइन-डॅन्यूब कालवा पूर्ण झाला आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत सलग जलमार्ग मिळाला. तरीही रेगेन्सबर्गच्या खाली, श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा पट्टा अजून पाणी अडवून खोली राखणाऱ्या बंधाऱ्यांविना वाहतो. पाणी उतरलं की तिथून जाणाऱ्या आजच्या जहाजांनाही माल कमी भरावा लागतो.