रीगल ट्रॉफीचा शेवटचा हंगाम (1995-96): पार्श्वभूमी

13 जानेवारी 1996 रोजी हडर्सफील्डच्या नव्याकोऱ्या मैदानावर विगनने सेंट हेलेन्सला 25-16 असे हरवून रीगल ट्रॉफी, म्हणजे ब्रिटनमधली रग्बी लीग या खेळाची बाद स्पर्धा, आठव्यांदा जिंकली. त्यानंतर ही स्पर्धा झालीच नाही. नोंदींत हा हंगाम पंचविसावा म्हणून येतो, पण 'रीगल' नावाने खेळलेले हंगाम मोजले तर सातच भरतात. विगनच्या आठ विजेतेपदांतली तीही चारच 'रीगल'ची. हा हिशेब लागायला आधी नावांचा गुंता सोडवावा लागतो.

1971-72 मध्ये स्पर्धा सुरू झाली ती 'प्लेअर्स नंबर सिक्स ट्रॉफी' म्हणून. मराठी कानाला हे 'सहा नंबरच्या खेळाडूचे बक्षीस' वाटते, आणि घोटाळा असा की रग्बी लीगमध्ये सहा नंबरची जर्सी खरोखरच एका ठरावीक जागेची, म्हणजे स्टँड-ऑफची असते. त्यामुळे चुकीचा अर्थही चपखल बसतो. प्रत्यक्षात 'प्लेअर' हे नॉटिंगहॅमच्या तंबाखू कारखानदाराचे आडनाव आणि 'नंबर सिक्स' ही 1965 साली बाजारात आलेली सिगारेट: आकाराने लहान, किमतीने स्वस्त, पाकिटात भेटवस्तूंची कूपने. 1977-78 मध्ये नाव 'जॉन प्लेअर ट्रॉफी' झाले, 1983-84 मध्ये 'जॉन प्लेअर स्पेशल' आणि 1989-90 पासून 'रीगल'. चारही नावे एकाच तंबाखू समूहाची. पहिला बदल झाला त्याच सुमारास ब्रिटनमधली सिगारेटवरची करपद्धत युरोपीय चौकटीत बसवली जात होती. वजनावर कर असताना छोट्या सिगारेटला मिळणारा फायदा त्यात आटला आणि गिऱ्हाईक लांब सिगारेटकडे वळले. कपावरचे नाव बाजारात काय खपवायचे आहे त्यानुसार फिरत राहिले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

म्हणून चारही नावांचे हंगाम एकाच स्पर्धेत धरणे योग्यच आहे. पैसा देणारा तोच, ढाचा तोच, शरद ऋतूत सुरू होऊन बहुतेकदा जानेवारीत संपणारे वेळापत्रकही तेच. बदलले ते पाकीट. फक्त गुणफलकांची तुलना जपून करावी. 1983-84 मध्ये नाव बदलले त्याच हंगामात ट्रायचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याचे, गुण तीनवरून चार झाले. ब्रॅडफर्ड नॉर्दर्नने विड्नेसला 3-2 असे हरवले ती 1974-75 ची अंतिम लढत आणि कॅसलफर्डने विगनला 33-2 असे धुतले ती 1993-94 ची, या दोन्ही एकाच मोजपट्टीने मोजता येत नाहीत.

सिगारेटवाले या खेळात आले कसे? ऑगस्ट 1965 पासून ब्रिटिश टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. जाहिरातीची वेळ विकत मिळेना, पण स्पर्धेलाच आपले नाव दिले तर समालोचक ते दुपारभर फुकटात उच्चारतो, मैदानाकडेच्या फळ्या कॅमेऱ्यात दिसतात, आणि जाहिराती मुळीच न घेणाऱ्या वाहिनीवरही नाव पोचते. क्रिकेटमध्ये 1969 पासून रविवारची जॉन प्लेअर लीग याच वाटेने आली होती. आपल्याकडच्यांना 1996 चा विल्स वर्ल्ड कप आठवत असेलच. तो सुरू झाला रीगल ट्रॉफीच्या शेवटच्या सामन्यानंतर जेमतेम महिन्याभरात.

स्पर्धेची खरी अडचण मात्र पैशाची नव्हती, वेळापत्रकातल्या जागेची होती. 1970 च्या दशकात एका क्लबला एकाच हंगामात साखळी, बाद पद्धतीचा चॅलेंज कप, लँकेशर किंवा यॉर्कशरचा काउंटी कप, मंगळवारी रात्री दिव्यांखाली चालणारी टीव्हीवाल्यांची फ्लडलिट ट्रॉफी आणि वर ही ट्रॉफी, एवढे सांभाळावे लागे. 1973-74 मध्ये एका रम कंपनीचा कॅप्टन मॉर्गन करंडकही त्यात घुसला. वॉरिंग्टनने तो फेदरस्टोनविरुद्ध 4-0 असा जिंकला आणि तो पुन्हा कधी झाला नाही. बाद फेरीत बरोबरी झाली की आठवड्याच्या मधल्या दिवशी फेरसामना लावायचा. म्हणजे शनिवार-रविवारचे दोन सामने आणि मध्ये हा तिसरा. त्यात डिसेंबर-जानेवारीत मैदान गोठले की सामना पुढे ढकलायचा, आणि तो ढकलायला मोकळा दिवस सापडायचा नाही. लीड्सच्या हेडिंग्लीला 1963 पासून मैदान जमिनीखालून तापवण्याची सोय होती. बहुतेकांकडे मैदानावर पसरायला पेंढा आणि आशा. फ्लडलिट ट्रॉफी 1979-80 नंतर बंद झाली, काउंटी कप 1992-93 नंतर. स्पर्धांची गर्दी अशी कमी होत गेली, पण ही ट्रॉफी टिकली.

पहिल्या फेरीत हौशी संघांना जागा होती, आणि तिथेच 1977-78 मध्ये हल शहरातल्या कॉवुड्सने हॅलिफॅक्सला 9-8 असे हरवले. हौशी संघाने व्यावसायिक संघाला पाडण्याची ही 1909 नंतरची पहिलीच वेळ. हॅलिफॅक्स म्हणजे 1972 मध्ये ऑड्सल मैदानावर वेकफील्ड ट्रिनिटीला 22-11 असे हरवून हीच ट्रॉफी सर्वांत आधी उचललेला क्लब.

एप्रिल 1995 मध्ये एका उपग्रह वाहिनीशी पाच वर्षांचा 8 कोटी 70 लाख पौंडांचा करार झाला आणि शतकभर हिवाळ्यात खेळला गेलेला खेळ उन्हाळ्यात हलवायचे ठरले. त्याबरोबरच आलेल्या क्लबांच्या विलीनीकरणाच्या योजनेवर एवढा गदारोळ झाला की ती मागे घ्यावी लागली. त्या आवाजात या ट्रॉफीचे काय, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती. जुन्या आणि नव्या वेळापत्रकाला सांधण्यासाठी 1995-96 चा हंगाम ऑगस्ट ते जानेवारी असा आखूड केला. ऑक्टोबर रग्बी लीगच्या विश्वचषकाने खाल्ला. उरलेल्या आठवड्यांत साखळी आणि ट्रॉफी दोन्ही कोंबली. पुढे हिवाळी हंगामच नव्हता, आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीचे बाद सामने चॅलेंज कपने धरून ठेवलेले.

तंबाखूविरोधी कायद्याने ही ट्रॉफी संपवली, असे अनेकदा सांगितले जाते. तारखा त्याला दुजोरा देत नाहीत. चॅलेंज कपावर 'सिल्क कट' हे दुसऱ्या सिगारेटचे नाव 2001 पर्यंत होते, आणि ब्रिटनमध्ये खेळांच्या तंबाखू प्रायोजकत्वावर बंदी आली ती 2003 मध्ये. ही ट्रॉफी गेली ती कॅलेंडरमुळे.

शेवटचा विजेता विगन महिन्याभरातच, 11 फेब्रुवारीला, सॅल्फर्डकडून 26-16 असा हरून चॅलेंज कपातून बाहेर पडला. हडर्सफील्डच्या मैदानावर विगनकडून हरलेल्या सेंट हेलेन्सने 27 एप्रिलला वेम्ब्लीवर ब्रॅडफर्डला 40-32 असे नमवून तो कप घेतला आणि त्याच उन्हाळ्यात पहिली सुपर लीग, म्हणजे नवी उन्हाळी साखळीही जिंकली.